देहान्त प्रायश्चित्त आणि शिक्षेचा परिच्छेद

१

मराठी वाचकाच्या मनात खुनाच्या खटल्यातील न्यायाधीशाची जी प्रतिमा प्रथम उभी राहते, ती रामशास्त्री प्रभुणे यांची होय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. चौकशीअंती शास्त्रीबोवांनी या खुनाचा दोष प्रत्यक्ष रघुनाथरावांच्या माथी ठेवला, या पातकाला देहान्त हेच प्रायश्चित्त असल्याचे त्यांना तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासात आली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाने ती रंगभूमीवर आणली; प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) या बोलपटाने तिला चेहरा दिला. 'रामशास्त्री बाणा' हा शब्दप्रयोग आता भाषेतच रुजला असून न्यायाधीशाची थोरवी मोजण्याचे ते एक माप होऊन बसले आहे.

या कथेची ऐतिहासिक छाननी हा प्रस्तुत निबंधाचा विषय नव्हे. विषय आहे तो या मापाचा. खुनाच्या खटल्यात शिक्षा कशी ठरते, किंवा कशी ठरावी, याविषयी या कथेने मराठी मनात एक समजूत रुजविली आहे. गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा आपोआप सिद्ध झाली, आता न्यायाधीशाने तिचा उच्चार निर्भयपणे करावयाचा, एवढेच काय ते शिल्लक राहिले, अशी ती समजूत आहे. आजच्या भारतीय न्यायव्यवस्थेत नेमके याच ठिकाणी न्यायाधीशाचे सर्वांत अवघड काम सुरू होते. म्हणून रामशास्त्र्यांची कथा आणि आजच्या निकालपत्रातील शिक्षेचा परिच्छेद ही दोन्ही शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते.

२

प्रथम कथा पाहू. तिच्यात तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांकडे प्रेक्षकाचे सहसा लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट 'ध' चा 'मा' होण्याची. नारायणरावांना 'धरावे' असा मूळ हुकूम होता आणि कोणी तरी त्याचा 'मारावे' असा फेरफार केला, हा या कथेचा सर्वश्रुत भाग. म्हणजे रघुनाथरावांची कबुली धरपकडीपुरती होती. खुनाचा हेतू त्यांचा होता की नाही, हाच मुख्य वादविषय होता. आजच्या न्यायालयात हा प्रश्न दोनदा उपस्थित झाला असता. एकदा दोष ठरविताना, हेतूचा पुरावा म्हणून. आणि दोष ठरल्यावरही पुन्हा एकदा, शिक्षा ठरविताना, आरोपीच्या वाट्याचे नैतिक उत्तरदायित्व किती हे मोजण्यासाठी. कथेत मात्र एका अक्षराचा हा सारा प्रपंच आनंदीबाईंच्या कारस्थानाची रंजक हकीकत म्हणून उरतो. शिक्षेच्या तराजूत त्याचे वजन कोणी करीत नाही.

दुसरी गोष्ट 'प्रायश्चित्त' या शब्दाची. धर्मशास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त या दोन भिन्न संस्था आहेत. दंड राजा देतो. प्रायश्चित्त पातकी स्वतः घेतो आणि शास्त्री ते सांगतो. रामशास्त्र्यांनी जे उच्चारले ते, शब्दशः घेतल्यास, पातक्याच्या विवेकाला केलेले आवाहन होते. त्यामागे तुरुंग नव्हता, वधस्तंभ नव्हता, अंमलबजावणीची कोणतीही यंत्रणा नव्हती. ते प्रायश्चित्त रघुनाथरावांनी घेतले नाही. पुढे दहा वर्षांनी, १७८३ मध्ये, कोपरगावी त्यांना मृत्यू आला. म्हणजे ज्या निर्णयाला महाराष्ट्र देहान्त शिक्षेचा आदर्श मानतो, त्या निर्णयाने कोणाचाही प्राण घेतलेला नाही. फाशीचा हुकूम लिहिणाऱ्या आजच्या न्यायाधीशाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. त्याचा शब्द उच्च न्यायालयाने कायम केला, अपिले फेटाळली गेली आणि दयेचा अर्जही नाकारला गेला, तर तो अंमलात येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कथेतील दोषी हा राज्यातील सर्वांत बलिष्ठ पुरुष आहे आणि न्यायाधीश त्याचा चाकर आहे. कथेतील सारे नाट्य या विषमतेतून निर्माण होते. न्यायाधीशाला भय आहे ते आरोपीचे. त्यामुळे कठोर शिक्षा उच्चारणे हेच धैर्य आणि सौम्य होणे ही भीरुता, असे समीकरण तयार होते. नाटककाराला हे समीकरण उपयुक्त असते. सत्तेपुढे न वाकणारा माणूस दाखविण्याचा हेतू असेल, तर त्याच्या मनात शिक्षेविषयी घालमेल दाखवून चालत नाही. 'भाऊबंदकी' परकीय सत्तेच्या दडपशाहीच्या काळात रंगभूमीवर आले हे ध्यानात घेतले, तर प्रेक्षकाला अशा माणसाची किती भूक होती हे समजते. तेव्हा उणीव नाटकात नाही. नाटकातून उचललेले माप भलत्या ठिकाणी लावण्यात ती आहे.

३

आता कायद्याकडे वळू. भारतीय दंडविधानाच्या ३०२ व्या कलमात खुनाला दोन शिक्षा सांगितल्या होत्या: मृत्युदंड किंवा आजन्म काळे पाणी. १९५५ च्या दुरुस्तीने काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमातही हाच पर्याय कायम आहे. दोहोंतून एक निवडण्याचे काम कायद्याने न्यायाधीशाकडे सोपविले. ही निवड कशी करावयाची याचा इतिहास हा वस्तुतः लेखनाचा इतिहास आहे, कारण कायद्याने वेळोवेळी बदलले ते एवढेच, की कारणे कोणत्या बाजूने लिहावयाची.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार, मृत्युदंडास पात्र गुन्ह्यात फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाने ती का दिली नाही याची कारणे लिहावी लागत. फाशी हा नियम, जन्मठेप हा अपवाद. १९५५ मध्ये हे बंधन गेले आणि काही काळ दोन्ही पारडी समान झाली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या १९७३ च्या संहितेने बाजू पूर्ण पालटली. तिच्या ३५४ व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमाने, फाशी देणाऱ्याने 'विशेष कारणे' नमूद केली पाहिजेत असे सांगितले. २३५ व्या कलमाने, दोष ठरल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तरतूद केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत या दोन्ही तरतुदी अनुक्रमे ३९३ व २५८ या कलमांत आहेत. पाऊण शतकाच्या अवधीत स्पष्टीकरणाचे ओझे जीवदानावरून जीव घेण्यावर आले. भारतीय दंडनीतीतील हे एक मोठे स्थित्यंतर असूनही लोकमानसाला त्याची फारशी जाणीव झालेली नाही.

'विशेष कारणे' म्हणजे कोणती, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ९ मे १९८० रोजी बच्चनसिंग खटल्यात दिले. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिला. त्यात मृत्युदंड घटनाबाह्य नाही असे ठरले; परंतु जन्मठेपेचा पर्याय निःसंशयपणे बाद झाला असेल अशा 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणीच तो द्यावा, अशी मर्यादा घातली गेली. विधिज्ञ डॉ. चितळे यांनी सुचविलेल्या, शिक्षा सौम्य करण्यास साहाय्यभूत अशा सात बाबी निकालात नमूद आहेत. कृत्याच्या वेळची तीव्र मानसिक क्षुब्धता; आरोपीचे वय; तो पुन्हा हिंसा करणार नाही याची शक्यता; तो सुधारण्याची शक्यता; आपण नैतिकदृष्ट्या योग्य करीत आहोत अशी त्याची समजूत; दुसऱ्याचे दडपण किंवा वर्चस्व; आणि मानसिक दोषामुळे कृत्याची गैरता न कळणे. यांतील तिसऱ्या व चौथ्या बाबीसंबंधी एक विशेष अट आहे. आरोपी सुधारणार नाही, हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवावयाचे आहे. माणूस सुधारू शकतो हे गृहीत आहे; तो सुधारू शकत नाही हे सिद्ध करावे लागते.

या निकालाचे मर्म असे, की न्यायाधीशाने गुन्हा आणि गुन्हेगार या दोहोंकडेही पाहावयाचे आहे. दोष ठरविताना प्रश्न असतो 'काय घडले?' हा. शिक्षा ठरविताना त्यात 'हे करणारा कोण?' या प्रश्नाची भर पडते. पहिल्याचे उत्तर एका दिवसाच्या किंवा एका रात्रीच्या हकीकतीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर एका संपूर्ण आयुष्यात शोधावे लागते.

४

प्रत्यक्ष निकालपत्रे मात्र याहून वेगळी दिसतात. वाङ्मयीन दृष्टीने वाचणाऱ्याला त्यांत एक ठळक विषमता आढळते. गुन्ह्याचे कथन सविस्तर, तपशीलवार आणि पुष्कळदा चित्रदर्शी असते. घटनेची वेळ, जागा, शस्त्र, जखमांची संख्या, प्रत्येक जखमेची लांबी आणि खोली, सारे काही येते. त्यानंतर शिक्षेचा परिच्छेद येतो आणि कथनाचा प्रवाह एकदम आटतो. आरोपी तरुण आहे, त्याच्यावर वृद्ध आईवडील अवलंबून आहेत, हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, असे वकिलांचे म्हणणे दोन-तीन वाक्यांत नोंदले जाते. पुढच्या वाक्यात, कृत्याच्या क्रौर्यापुढे या बाबी गौण ठरतात, असा निर्वाळा दिला जातो. ज्या माणसाच्या मरणाचा प्रश्न आहे तो एखाद्या दुय्यम पात्रासारखा येतो आणि जातो.

याचे कारण न्यायाधीशांच्या वृत्तीत शोधणे अन्यायाचे होईल. कथनकार आपल्या हाती असलेल्या साधनांनीच कथन करतो. खटल्याचे कागद गुन्हा सिद्ध करण्यासाठी जमविलेले असतात. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जप्तीची यादी, साक्षीदारांच्या जबान्या यांतून मृत्यूची हकीकत उलगडते. मारणाऱ्याच्या बालपणाची, शिक्षणाची, आजाराची, उपासमारीची हकीकत त्यांत कोठेच नसते. ती आणावयाची कोणी? आरोपी बहुधा गरीब असतो, त्याचा वकील बहुधा सरकारी साहाय्यातून नेमलेला असतो, आणि शिक्षेवरील सुनावणी कित्येकदा दोष ठरल्याच्याच दिवशी उरकली जाते. अशी घाई करू नये, साधारणतः सुनावणी पुढच्या तारखेवर ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात सांगितले होते. तरीही ही प्रथा थांबली नाही.

या कोरड्या जागेत दुसरेच काही तरी येऊन भरले. १९८३ मध्ये मच्छीसिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने समाजाच्या सामूहिक सद्सद्विवेकबुद्धीला धक्का बसण्याची कल्पना मांडली आणि तसा धक्का बसू शकेल अशा प्रकरणांचे पाच वर्ग दिले: खुनाची रीत, त्यामागचा उद्देश, कृत्याचे समाजविघातक स्वरूप, गुन्ह्याची व्याप्ती आणि बळी पडलेल्या व्यक्तीचे स्वरूप. शमनकारक परिस्थितीचाही ताळेबंद मांडावा असे त्या निकालात सांगितले आहे हे खरे. परंतु पाच वर्गांची यादी लक्षात राहावयास सोपी असते आणि ताळेबंद मांडावयास कष्ट पडतात. शिवाय पाचही वर्गांचा रोख घडलेल्या कृत्याकडे आहे. मनुष्य पुढे काय होऊ शकेल याचा विचार त्यांत बसत नाही. सामूहिक सद्सद्विवेकबुद्धी जाणून घेण्याचे साधनही न्यायाधीशापाशी नसते. वृत्तपत्रे आणि न्यायालयाबाहेरची गर्दी यांतून जे कळते तो क्षोभ असतो. क्षोभ आणि सद्सद्विवेकबुद्धी या दोहोंत अंतर आहे.

हे अंतर किती महाग पडते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. रावजी विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने असे मत दिले, की शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य विचारात घ्यावयाचे, गुन्हेगाराचे नव्हे. बच्चनसिंग निकालाशी हे सरळसरळ विसंगत होते. त्या खटल्यातील आरोपीला १९९६ मध्ये फाशी झाली. २००९ मध्ये बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती सिन्हा यांच्या पीठाने ते मत बंधनकारक पूर्वनिर्णयाकडे दुर्लक्ष करून दिलेले असल्याचे स्पष्ट केले आणि आपल्यापुढील आरोपीची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. मधल्या काळात रावजी निकालाच्या आधारे अनेक फाशीच्या शिक्षा कायम झाल्या होत्या. २०१२ मध्ये निवृत्त न्यायाधीशांच्या एका गटाने राष्ट्रपतींना पत्रे लिहून, चुकीच्या आधारावर दिलेल्या अशा शिक्षा कमी कराव्यात, अशी विनंती केली.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा पडून पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातींतील सहा जणांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या क्रौर्यावर बोट ठेवून सहाही जणांना फाशी फर्मावली. पुढे फेरविचार होऊन ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. घटनेतून बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीस पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळीच चार माणसे ओळखली होती, आणि आरोपींपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, असे दिसून आले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. येथे मुख्य चूक दोषनिश्चितीतील आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु आरोपींपैकी एखादा अल्पवयीन असावा ही गोष्ट इतक्या पायऱ्यांवर निसटून जावी, यावरून त्या माणसांच्या आयुष्याकडे किती कमी पाहिले गेले होते हे उघड होते. कृत्याचे वर्णन जितके भयंकर, तितकी ते कोणाचे हे तपासण्याची निकड मंद झाली.

५

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मारला गेलेला माणूस आपली हकीकत सांगावयास येऊ शकत नाही. मग मारणाऱ्याच्या बालपणाची एवढी चौकशी कशासाठी? मृताच्या नातलगांच्या दृष्टीने हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की आरोपीच्या आयुष्याचा विचार दोष पुसण्यासाठी केला जात नाही. दोष ठरलेलाच असतो. प्रश्न असतो तो दोन अत्यंत कठोर शिक्षांमधील निवडीचा. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सूट न मिळता ठरावीक दीर्घ मुदतीपर्यंत किंवा देहावसानापर्यंत भोगावयाच्या जन्मठेपेचा मार्ग मान्य केला आणि २०१५ मध्ये घटनापीठाने, हा अधिकार उच्च व सर्वोच्च न्यायालयांपुरता ठेवून, त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा फाशी नाही म्हणजे शिक्षाच नाही, असे समजण्यास जागा उरलेली नाही.

शिवाय, चौकशी न करता केलेली निवड समान राहू शकत नाही. बच्चनसिंग खटल्यात एकाकी मतभेद नोंदविणारे न्यायमूर्ती भगवती यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मतात हेच दाखविले. फाशी मिळेल की नाही हे बऱ्याच अंशी पीठावर कोण बसले आहे यावर अवलंबून राहते आणि तिचा आघात प्रामुख्याने गरिबांवर होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी हरबन्ससिंग खटल्यात एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. एकाच गुन्ह्यात सारखाच वाटा असलेल्या तिघांना फाशी झाली होती. त्यांपैकी एक ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेला, दुसऱ्याची शिक्षा वेगळ्या पीठापुढे कमी होऊन जन्मठेप झाली, आणि तिसरा न्यायालयापुढे उभा होता. गुन्हा एक, पुरावा एक, परिणाम तीन.

अलीकडे शिक्षेचा परिच्छेद भरून काढण्याचा खरा प्रयत्न सुरू झाला आहे. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने, आरोपीचे कौटुंबिक वातावरण, शिक्षण, आर्थिक स्थिती, मानसिक आरोग्य आणि तुरुंगातील वर्तन यांविषयीची माहिती खटल्याच्याच पायरीवर न्यायालयापुढे यावी, असे दंडक घालून दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, शिक्षेवरील सुनावणी अर्थपूर्ण कशी व्हावी हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात, या दंडकांचे पालन न होता कायम झालेल्या फाशीचा शिक्षेपुरता पुनर्विचार होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. या सर्वांचा इत्यर्थ एकच. न्यायाधीशाने ज्याच्याविषयी लिहावयाचे, त्याची माहिती आधी त्याच्यापुढे आली पाहिजे.

रामशास्त्र्यांच्या मापाचे मग काय करावयाचे? ते टाकून देण्याचे कारण नाही. ते कशाचे माप आहे हे ओळखले म्हणजे पुरे. त्या कथेचा गाभा कठोरपणा हा नसून, ज्या बाजूने दडपण येते त्या बाजूपुढे न वाकणे हा आहे. १७७३ मध्ये ते दडपण आरोपीच्या आसनावरून येत होते. आज खुनाच्या बहुसंख्य खटल्यांत आरोपीच्या पिंजऱ्यात बलिष्ठ मनुष्य नसतो. तेथे शेतमजूर, स्थलांतरित कामगार, भटक्या जमातीतील माणूस उभा असतो, आणि दडपण येते ते बाहेरच्या क्षोभाचे. दिशा पालटली की धैर्याचे रूपही पालटते. राज्यकर्त्याला 'देहान्त' असे सुनावणे हे त्या काळचे धैर्य होते. सारा गाव ज्याच्या देहान्ताची मागणी करीत आहे अशा निराधार माणसाविषयी, 'याची हकीकत अजून पुरती ऐकलेली नाही', असे म्हणून सुनावणीची तारीख पुढे टाकणे, हे आजच्या न्यायाधीशाचे धैर्य होय. अशा प्रसंगावर कोणी नाटक लिहिलेच, तर त्यातील न्यायाधीशाच्या वाट्याला टाळ्या येण्याचा संभव कमी. परंतु रामशास्त्र्यांचा खरा वारसा त्याच्याकडे असेल.